लेबर रूममधली सिस्टर कमी करून तिथे स्क्रीन लावू नका

प्रति,
महाराष्ट्रातील खासगी प्रसूती रुग्णालयांचे संचालक, विश्वस्त आणि तिथे बाळंतपणं करणारे सर्व डॉक्टर

स.न.वि.वि.

मी लेबर रूमची सिस्टर आहे. जीएनएमचा नर्सिंगचा कोर्स झाल्यापासून माझी जवळजवळ सगळी नोकरी प्रसूतीच्या टेबलापाशीच गेली. जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात मी काम करते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला एका संस्थेशी भांडायचं नाही. दुसऱ्या गावांत नोकरी करणाऱ्या माझ्या बॅचच्या मैत्रिणी फोनवर जे सांगतात, ते ऐकूनच हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहायचं ठरवलं. उघड लिहिते आहे ते यासाठी, की ज्यांच्या घरची लेक किंवा सून उद्या आपल्याकडे बाळंतपणाला येणार आहे, त्यांनीही ते वाचावं.

घडलं ते असं. आमच्याकडे बाळाच्या ठोक्यांचा आलेख स्वतः वाचणारी संगणकप्रणाली आली. प्रत्येक टेबलावरचा आलेख नर्सिंग स्टेशनच्या मोठ्या स्क्रीनवर दिसतो. काही बिघडतंय असं प्रणालीला वाटलं की रंग बदलतो, अलार्म वाजतो, डॉक्टरांच्या मोबाइलवरही निरोप जातो. आम्ही सगळ्यांनी ते उत्सुकतेने शिकून घेतलं. पुढच्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता लागला तेव्हा मात्र रात्रपाळीला लेबर रूमपुढे दोन सिस्टरांच्या ऐवजी एकच नाव होतं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "आता कॉम्प्युटर बघतोय ना. अलार्म वाजला की जायचं." आणि रुग्णालयाच्या दारात फलक लागला : एआयच्या देखरेखीखाली सुरक्षित प्रसूती.

हा निर्णय मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे मी वरिष्ठांना तोंडी सांगितलं, लेखीही दिलं. त्यावर काही झालं नाही.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालची चकती बाळाचे ठोके टिपते, दुसरीखालची कळ किती वेळाने येते आणि किती टिकते ते टिपते. दोन्हींच्या रेघा एका कागदावर उमटत जातात. याला सीटीजी म्हणतात. नातेवाइकांना ते बहुधा एनएसटी या नावाने माहीत असतं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. ते एकाच आकड्यावर गोठलेले नसावेत, थोडे वरखाली होत राहावेत. कळेच्या वेळी उतरले तर किती उतरतात, कळ ओसरल्यावर किती लवकर सावरतात, हे बघायचं असतं. वाचायला हे सोपं वाटतं, पण एकच आलेख दोन अनुभवी डॉक्टरांपुढे ठेवला तर दोघांची मतं वेगळी पडतात. तोच आलेख त्याच डॉक्टरांना काही दिवसांनी दाखवला तरी त्यांचं मत बदलू शकतं. म्हणून संगणकाने वाचावा ही कल्पना पुढे आली. कल्पना चांगली होती, आणि ज्यांनी तिच्यावर आयुष्यभर काम केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण त्या कल्पनेची परीक्षा झालेली आहे, आणि तिचा निकाल आपल्याला ठाऊक असायला हवा.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये इन्फंट नावाची चाचणी झाली. २०१० ते २०१३ या काळात २४ प्रसूती विभागांतल्या ४७ हजारांवर स्त्रिया तिच्यात सामील झाल्या. सगळ्यांना सीटीजी लावलेलाच होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्या दोन गटांत वाटल्या. एका गटाचा आलेख संगणकही वाचत होता आणि धोक्याची सूचना देत होता, दुसऱ्या गटाचा आलेख फक्त माणसं वाचत होती. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जी दगावली किंवा जन्मानंतर गंभीर आजारी पडली अशा बाळांचं प्रमाण दोन्ही गटांत ०.७ टक्के होतं : एकीकडे १७२, दुसरीकडे १७१. यातल्या सात हजारांवर मुलांची दोन वर्षांची झाल्यावर वाढ तपासली, तिथेही फरक दिसला नाही. पोर्तुगालच्या पोर्तो विद्यापीठात तयार झालेल्या दुसऱ्या एका प्रणालीची चाचणी ब्रिटनमधल्याच पाच रुग्णालयांत झाली. तीत ७,७३० स्त्रिया होत्या. बाळाच्या रक्तातलं आम्लाचं प्रमाण धोक्याइतकं वाढण्याच्या घटना संगणकाच्या गटात थोड्या कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगापलीकडचा आहे असं म्हणण्याइतका मोठा नव्हता.

मशीन विकायला आलेल्या माणसाने यातलं काही आपल्याला सांगितलं का? आम्हाला प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलाला मी इन्फंटबद्दल विचारलं. त्याने ते नाव ऐकलेलं नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला जे पाठ करायला दिलं ते त्याने सांगितलं. पण विकत घेणाऱ्यांनी विचारायला हवं होतं.

संगणकाने आलेख वाचूनही जास्त बाळं का वाचली नाहीत, याचं उत्तर आमच्यासारख्यांना कामातच दिसतं. ठोके उतरले की कळा वाढवणारी ऑक्सिटोसिनची ड्रिप बंद करायची. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. बीपी बघायचं, सलाइन सोडायचं, आत तपासून नाळ खाली सरकली नाही ना याची खात्री करायची. डॉक्टरांना हाक मारायची, सिझर करायचं ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवायचं, ओटी तयार करायची, बाळासाठी वॉर्मर चालू करायचा. अलार्म वाजल्यानंतरचं हे सगळं माणसांनीच करायचं असतं. आपण नेमकी तीच माणसं कमी केली. भूल देणारे डॉक्टर आमच्यासारख्या गावात रात्री घरी असतात, नाहीतर दुसऱ्या रुग्णालयाच्या ओटीत अडकलेले असतात. प्रणालीने पहाटे दोनला सांगितलेली गोष्ट तीन वाजेपर्यंत कोणी हाती घेऊ शकत नसेल, तर ती दोनला कळली याचा त्या बाळाला काय उपयोग?

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार रात्रीच्या एकट्या सिस्टरची आहे. एका टेबलावर बाई जोर लावते आहे, बाळाचं डोकं दिसायला लागलं आहे, सिस्टरच्या हातात मोजे आहेत आणि तळहात योनीमार्गाखालच्या नाजूक भागावर, पेरिनियमवर आहे. त्याच वेळी भिंतीपलीकडच्या स्क्रीनवर दुसऱ्या टेबलाचा अलार्म वाजायला लागतो. तिने काय करावं? डोकं सोडून गेली तर इथे बाई फाटेल, बाळ पडेल. नाही गेली तर तिथे काय चाललंय ते कळणार नाही. बहुतेक वेळा तो अलार्म पट्टा सरकल्याचाच असतो, आणि हेच जास्त घातक आहे, कारण रात्रभरात दहा वेळा पट्टा सरकल्याचा अलार्म ऐकलेली सिस्टर अकराव्या वेळी मनातल्या मनात तेच धरून चालते. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली हुशार आहेत, प्रामाणिक आहेत. त्यांना या कोंडीत आपण घातलं आहे. काही वेडंवाकडं झालं तर चौकशीत प्रणालीची नोंद पुढे येईल : अलार्म अमुक वाजता वाजला, सिस्टर इतक्या मिनिटांनी आली. त्या रात्री तिथे ती एकटीच का होती, याची नोंद त्या प्रणालीत नसेल.

दुसरी तक्रार अशी, की स्क्रीनवरचा आकडा बाळाचाच आहे असं सगळे धरून चालतात. तसं नेहमी नसतं. चकती आईच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन थांबली तर यंत्र आईचीच नाडी टिपतं, आणि कळांमध्ये आईची नाडी सहज बाळाच्या ठोक्यांइतकी होते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एक पहिलटकरीण गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडून जोर लावत होती. स्क्रीनवर १२५-१३०ची सुरेख रेघ, जोर लावला की आकडा चढून १५०पर्यंत जायचा, जोर थांबला की खाली यायचा. प्रणालीची काहीच तक्रार नव्हती. पण डोकं खाली दाबलं जात असताना बाळाचे ठोके बहुतेक वेळा थोडे उतरतात. प्रत्येक जोराबरोबर ते चढताना दिसले की माझा विश्वास बसत नाही. मी तिचं मनगट धरलं. माझ्या बोटांखालचा ठोका आणि यंत्राचा ठोका एकाच वेळी पडत होता. चकती काढून खाली ओटीपोटाच्या कडेशी दाबून धरली, मग ठोके ऐकायचं हातातलं छोटं यंत्र, डॉपलर, लावलं. बाळ ८०वर होतं आणि वर येत नव्हतं. ड्रिप बंद केली, तिला कुशीवर वळवलं आणि आमच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या, म्हणून व्हॅक्यूम लावून बाळ लगेच बाहेर काढता आलं. मानेभोवती नाळेचे दोन घट्ट वेढे होते. पुसून पाठ चोळल्यावर ते रडलं. त्या रात्री लेबर रूममध्ये आम्ही दोघी सिस्टर होतो. दुसरी दुसऱ्या टेबलाशी होती, म्हणून मला या बाईचं मनगट धरायला सवड होती.

नव्या यंत्रांपैकी काहींमध्ये आईची नाडी वेगळी टिपायची सोय असते. आमच्याकडच्या यंत्रांत ती आहे. तिची वायर कपाटात आहे.

तिसरी तक्रार : ज्यांना गरज नाही त्यांनाही पट्टे बांधले जातात. दिवस भरलेली, बीपी-शुगर नसलेली, आपोआप कळा सुरू झालेली धडधाकट बाई दाखल झाली की तिला आडवं करून आधी वीस मिनिटांची आलेखाची पट्टी काढायची आणि मग बाळंत होईपर्यंत मशीनला जोडून ठेवायची, असा शिरस्ता पडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट नको म्हटलं आहे. अशा स्त्रीचे ठोके डॉपलरने किंवा पोटावर टेकवून कानाने ऐकायच्या साध्या फिटोस्कोपने ठरावीक वेळाने ऐकावेत : पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, प्रत्येक वेळी किमान पूर्ण मिनिटभर. फिटोस्कोपचा तो कर्णा पिनार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ साली बनवला. आजही तो बिनविजेचा चालतो आणि आमच्या ट्रेमध्ये असतो.

सतत सीटीजी लावण्याबद्दल १३ चाचण्यांचा, ३७ हजारांवर स्त्रियांचा एकत्रित अभ्यास आहे. त्यात सतत सीटीजी असलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा फायदा खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण मृत्यू कमी झाले नाहीत, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन येणारं हालचालींचं अपंगत्व, कमी झालं नाही, आणि सिझरचं प्रमाण दीडपटीहून अधिक झालं. कॅलिफोर्नियातल्या मुलांवरचा १९९६ सालचा एक अभ्यास तर असं सांगतो, की ज्या प्रकारचे आलेख धोक्याचे मानले जातात ते दिसलेल्या हजार बाळांपैकी साधारण दोघांनाच पुढे सेरेब्रल पाल्सी होते. म्हणजे आलेख घाबरवतो फार. देशभरात खासगी रुग्णालयांतलं सिझरचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ४७.४ टक्के आलं, सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के होतं. या दरीची कारणं अनेक आहेत, सगळा दोष मी मशीनवर टाकत नाही. पण रात्रीच्या वेळी लाल झालेली स्क्रीन नवऱ्याला आणि सासूला दाखवली, की "बाळ गुदमरतंय" एवढंच त्यांना कळतं आणि सही होते. ती सही घेताना मी तिथेच उभी असते.

शिवाय पट्टा बांधला की बाई उताणी पडते. उताणं पडलं की भरलेल्या गर्भाशयाचा दाब मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, आईचं बीपी उतरू शकतं, आणि त्यामुळे बाळाचे ठोकेही उतरू शकतात. तिला चालू दिलं, बसू दिलं, कुशीवर झोपू दिलं असतं तर काही वेळा तो आलेख बिघडला नसता.

चौथी गोष्ट थोडक्यात सांगते. बाईला कोणी विचारत नाही. कागदांच्या गठ्ठ्यात तिची सही घेतली जाते, त्यात संगणकाने आलेख वाचण्याबद्दल एक ओळही नसते. ते मशीन काय करतं, त्याने काय सिद्ध झालं आहे आणि काय नाही, हे तिला मराठीत सांगायला पाच मिनिटं पुरतात. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला येते तेव्हा सांगता येईल. कळा चालू असताना सांगणं हे सांगणं नव्हेच.

पाचवी तक्रार कागदाची. सीटीजीची पट्टी थर्मल कागदावर छापली जाते, दुकानातल्या बिलाचा असतो तसलाच. उन्हात, उकाड्यात, प्लास्टिकच्या फायलीत तो काही वर्षांत पांढरा पडतो. डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. कोऱ्या झालेल्या पट्टीची काय प्रत देणार? प्रणालीत आलेख साठवलेला असतो म्हणावं, तर तो कोणाकडे साठवलेला असतो, किती दिवस, आणि कंपनीचा करार संपला की त्याचं काय होतं, याचं उत्तर आमच्या रुग्णालयात मला कोणी देऊ शकलं नाही. त्या आईच्या पोटातली ती सगळी रात्र त्या आलेखात आहे. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होऊ शकतो. तो तिच्या हातात असायला हवा.

माझ्या बोलण्यावर आपल्यापैकी काही डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण आमच्या मॅडमनीच ते मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, ती चाचणी इंग्लंडची. तिथे बाईजवळ एक मिडवाइफ बसलेली असते, ती तसंही सगळं टिपते, म्हणून कॉम्प्युटरचा फरक पडला नाही. आपल्याकडे कोणी बसलेलंच नसतं, तेव्हा आपल्याकडे फरक पडेल." त्यांचं दुसरं म्हणणं असं, की ती प्रणाली जुन्या पद्धतीची होती, आताची एआय वेगळी आहे.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकतं. मग ते तपासून बघा. आपल्या देशात चाचण्यांची नोंद करायला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, सीटीआरआय ही नोंदवही आहे. एआय वापरून आरोग्यसेवा देताना आणि संशोधन करताना काय पाळायचं याची मार्गदर्शक तत्त्वं आयसीएमआरने २०२३ साली काढली आहेत. आपल्या बायकांवर, आपल्या रात्रपाळीत, आपल्या मनुष्यबळात चाचणी घ्या, त्यांना विचारून घ्या, आणि निकाल काहीही आला तरी छापा. अशा कामात मी स्वतः रात्रपाळी करून नोंदी ठेवायला तयार आहे. पण चाचणी न घेता "सुरक्षित प्रसूती" असा फलक लावणं आणि त्या फलकाच्या भरवशावर माणसं काढणं, हे मला कोणत्याच बाजूने पटत नाही. आणि मॅडमच्या बोलण्यातच एक गोष्ट मान्य झालेली आहे : बाईजवळ माणूस बसलेलं असलं की ते सगळं टिपतं. मग आपल्याकडे ते का बसत नाही, याचा विचार आधी व्हायला हवा.

सोबतीबद्दलही पुरावा आहे. कळा देणाऱ्या बाईजवळ सतत कोणी असलं तर काय होतं, याच्या २६ अभ्यासांत मिळून १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सोबत असलेल्यांची सिझर कमी झाली, आपोआप बाळंत होण्याचं प्रमाण वाढलं. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ तिची एक नातेवाईक बाई राहू द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच कळवलं, पुढच्याच वर्षी लेबर रूम सुधारण्यासाठी आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. तिथे त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळ्या पत्राचा विषय. आपल्या खासगी लेबर रूममध्ये मात्र आईला किंवा सासूला दाराबाहेर बसवून आपण आत स्क्रीन लावली.

मी मशीनच्या विरोधात नाही, हे परत सांगते. बीपी वाढलेली बाई, बाळाची वाढ कमी असलेली, आधीचं सिझर झालेली, पाण्याला हिरवा रंग आलेली, ड्रिपवर असलेली, अशांना सतत सीटीजी लागतो आणि तो चांगला वाचला जावा असं मलाही वाटतं. संगणकाने मला "इकडे बघ" म्हटलं तर मी नक्की बघेन. बघायला मी तिथे असले पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आता मागण्या.

एक, यंत्र आलं म्हणून लेबर रूममधली जी पदं कमी केली, ती पुढच्या ड्युटीच्या तक्त्यात परत भरा. रात्रपाळीत एकाच वेळी जितक्या बायका कळांच्या जोरात आहेत तितक्या प्रशिक्षित सिस्टर तिथे हव्यात. हे लगेच जमणार नसेल, तर निदान लेबर रूममध्ये कधीही एकटी सिस्टर नसेल हे लेखी द्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना यायला किती वेळ लागतो तेही मोजून लिहून ठेवा आणि दाखल होताना कुटुंबाला सांगा.

दोन, जिला धोका नाही तिला सरसकट पट्टे बांधू नका. सतत सीटीजी लावायचा तर त्याचं कारण केसपेपरवर लिहा. प्रत्येक टेबलाला एक चालू डॉपलर द्या, बॅटरीसकट.

तीन, जिथे सीटीजी लावला तिथे आईची नाडी वेगळी टिपा आणि दर अर्ध्या तासाने सिस्टरने हाताने मोजून आलेखावर लिहावी. ती वायर कपाटातून काढा.

चार, प्रत्येक अलार्मची नोंद ठेवा : किती वाजता वाजला, कोण आलं, काय केलं, आणि त्या वेळी लेबर रूममध्ये किती बायका आणि किती सिस्टर होत्या. महिन्यातून एकदा डॉक्टर आणि सिस्टर एकत्र बसून ते आलेख बघू द्या. त्या बैठकीत सिस्टरला बोलू द्या, आणि बोलली म्हणून तिची ड्युटी बदलू नका.

पाच, डिस्चार्जच्या फायलीत आलेखाची न पुसणारी प्रत द्या. साठवलेल्या माहितीवर कोणाचा हक्क आहे, हे कंपनीशी करार करतानाच ठरवा आणि आम्हालाही कळवा.

सहा, गरोदरपणाच्या तपासणीतच बाईला ही सगळी माहिती मराठीत द्या आणि तिची संमती वेगळी घ्या. नको म्हणाली तर तिचे ठोके डॉपलरने ऐकू. तिच्यावर त्याबद्दल कोणी डाफरू नये. आणि तो फलक उतरवा.

सात, पुढचं यंत्र किंवा पुढची प्रणाली घेताना विक्रेत्याकडे दोनच कागद मागा. एक, बाळांना फायदा झाल्याचं दाखवणारी, माणसांवर झालेली आणि छापून आलेली चाचणी. दुसरा, औषध नियंत्रकांकडचा परवाना. २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं, त्यामुळे "हे नुसतं सॉफ्टवेअर आहे" हे उत्तर चालत नाही.

प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांना वेगळी विनंती आहे. आपल्या परिषदांमध्ये या प्रणालींचे स्टॉल लागतात, त्यांची व्याख्यानं होतात. त्याच मंडपात एक सत्र रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी ठेवा. केंद्राने २०१८ साली मिडवायफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, अठरा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्स तयार करायचं ठरवलं. खासगी क्षेत्राने अशा मुली नेमायला सुरुवात कधी करायची, यावर आपल्यातल्या मोठ्यांनी बोलावं. एका प्रणालीच्या किमतीत आणि तिच्या दरवर्षीच्या देखभालीच्या खर्चात किती सिस्टरांचे पगार निघतात, हा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा चांगला करता येईल. तो करून जाहीर करा.

मी नोकरीवर आहे आणि हे लिहिल्याचे परिणाम मला माहीत आहेत. तरी पत्राखाली हुद्दा खरा लिहिते आहे. सुपरवायझर सिस्टरांकडे पुढच्या महिन्याचा तक्ता महिनाअखेरीला तयार होतो. माझी पहिली मागणी त्याच्याशी जोडलेली आहे, तेव्हा तिचं उत्तर त्याआधी मिळावं. बाकीच्या मागण्यांवर आपण लेखी काय ते कळवावं.

आपली,
लेबर रूममधली एक वरिष्ठ परिचारिका